बोटभर शेवाळ आणि सतरा कोटी मालगाड्या

सायबेरियातल्या ओल्या पाइनवनात स्फॅग्नम नावाचं शेवाळ पसरलेलं असतं. याला मुळं नाहीत. पान जेमतेम एका पेशीच्या जाडीचं, त्यातही बहुतेक भाग मेलेल्या, पोकळ पेशींचा. पण त्याच पोकळ पेशी पाणी साठवतात, आणि किती? कोरड्या वजनाच्या वीसपट! एक किलो शेवाळात वीस लिटर, म्हणजे पाण्याचा अख्खा जार. २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे आठवते ना? पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर. सव्वाशे टन कोरडं स्फॅग्नम ती सगळी गाडी पिऊन टाकील!

ताकदही बघा. बीजाणूंची कुपी दोनेक मिलिमीटरची. उन्हात ती सुकत आकसते, आतली हवा दाबली जाते आणि कुपी फट्‌कन फुटते. बीजाणूंना मिळणारा वेग-धक्का गुरुत्वाकर्षणाच्या ३६,००० पट! अवकाशवीरांना उड्डाणाच्या वेळी तीन-चार पट सोसतानाच धाप लागते.

वाढ मात्र अगदी सावकाश. खालचं शेवाळ मरतं, पण पाण्याखाली, आम्लात, ते धड कुजत नाही. त्याचं पीट होतं. हा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटरनं चढतो. शिवराज्याभिषेकापासून आजवर चढला असेल तो फूटभर आणि वर दोन बोटं. ज्ञानेश्वरी लिहिली गेली तेव्हापासून मोजलं, तरी जेमतेम मांडीपर्यंत.

आता हा मिलिमीटर दहा हजार वर्षं चालू द्या! सायबेरियातच ओब आणि इर्तिश नद्यांच्या मधे वास्युगानची दलदल तशीच तयार झाली. क्षेत्रफळ सुमारे ५३,००० चौरस किलोमीटर. चौदा गोवे त्यात मावतील, तरी जागा उरेल! इथले पाइन खुरटेच राहतात, कारण खरं राज्य पायाखालच्या शेवाळाचं आहे.

आणि ही एकच दलदल झाली. जगभरच्या पीटभूमींत मिळून सुमारे ६०,००० कोटी टन कार्बन साठला असल्याचा अंदाज आहे. त्यातला फार मोठा वाटा उत्तरेकडच्या दलदलींचा आणि तिथली मुख्य गवंडी हीच वनस्पती. जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांत मिळूनही एवढा कार्बन नाही!

हा कार्बन मालगाडीत भरू या. एका गाडीत साडेतीन हजार टन. गाड्या लागतील सतरा कोटी! थोरले बाजीराव जन्मले १७०० साली. त्या वर्षापासून दर मिनिटाला एक गाडी, रात्रंदिवस, एकही मिनिट न चुकवता सोडली असती, तर शेवटची आत्ता कुठे सुटली असती. आणि सगळ्या एकामागे एक उभ्या केल्या तर? मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा. तो पावणेसहा लाख वेळा भरेल. रूळ वर आकाशात वळवले, तर चंद्र केव्हाच मागे पडेल आणि सूर्याची जवळपास तीन-चतुर्थांश वाट मालगाड्यांनी भरून जाईल!