वाळ्याचा वनगंध

वैशाखात माठाच्या तळाशी वाळ्याची जुडी सोडली की पाण्याला जो गंध येतो, तो फुलाचा नसतो आणि फळाचाही नसतो. पहिल्या सरीनंतरची रानातली माती, जुन्या लाकडी पेटीचा कोंदट दरवळ आणि किंचित धूर यांचे ते मिश्रण असते. हाच वाळा, म्हणजे हिंदीतील खस, अत्तर होऊन बाटलीत उतरला की त्याला वनगंध याखेरीज दुसरे नाव शोभत नाही. (खसखशीशी त्याचा काही संबंध नाही. ती अफूच्या बोंडातील बी.)

युरोपच्या बाजाराने या गंधावर पुरुषाची मोहर उमटविली. पॅरिसच्या गेर्लां या पेढीने १९५९ साली ‘व्हेटिव्हर’ आणले ते पुरुषांसाठी. नाव मात्र उचलले तमिळमधून. त्याच पेढीला पुढे स्त्रियांसाठी त्याची निराळी आवृत्ती काढावी लागली, आणि आता असे काष्ठगंध ‘युनिसेक्स’ म्हणून, जणू नवा शोध लागल्याप्रमाणे विकले जातात. आपल्याकडे माठातले पाणी घरातील सर्वांनी प्यायचे आणि वाळ्याच्या पडद्यातून येणारी झुळूक सर्वांच्या वाट्याची. हा गंध कोणाचा, असा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

मोगरा लावलेल्या व्यक्तीच्या आधी मोगरा दारातून आत येतो. वाळ्याचे उलट आहे. लावताक्षणी तो कडवट, थोडा रुक्षच वाटतो आणि घाईचे गिऱ्हाईक बाटली परत ठेवते. तासाभराने तो मऊ होतो आणि मग दिवसभर सोबत राहतो. बैठकीत सर्वांत शेवटी बोलणारे आणि तरीही ज्यांचा शब्द लक्षात राहतो, असे एखादे माणूस प्रत्येक कुटुंबात असते. कधी ती तिजोरीच्या किल्ल्या सांभाळणारी आजी असते, तर कधी नुकताच गादीवर बसू लागलेला नातू. हा गंध त्यांचा.

या संथपणाचे कारण द्रव्यातच आहे. वाळ्याच्या तेलातील रेणू जड असतात, सावकाश उडतात आणि सोबतच्या हलक्या गंधांनाही धरून ठेवतात. पूर्वी हे काम कस्तुरी, जवादी, अंबर अशा प्राणिज द्रव्यांकडे होते आणि कस्तुरीसाठी मृगाचा जीव जात असे. वाळा तेच काम वनस्पतीतून करतो. तरीही एक चौकशी करावीच. कनौजच्या परंपरेत अत्तरातील पाण्याचा अंश निघून जावा म्हणून ते चामड्याच्या कुप्यांत ठेवीत. आज काच आणि धातूची भांडीही वापरली जातात. माल कशात मुरला, हे दुकानदाराला विचारण्यात संकोच नको.

कनौजला धुतलेली मुळे तांब्याच्या देगेत पाण्यासह उकळतात आणि वाफ भपक्यात थंड होते. त्या तांब्यामुळेच ‘रूह खस’ला हिरवट झाक येते. सरबताच्या बाटलीतला भडक हिरवा मात्र निव्वळ रंग असतो. शंभर किलो मुळांतून जेमतेम किलोभर तेल, अनेकदा त्याहूनही कमी. भाव का चढा असतो, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.

खरा पेच मुळाचाच आहे. वाळ्याची मुळे तीन-चार मीटर सरळ खाली जाऊन माती घट्ट धरतात, म्हणून बांधांवर हे गवत लावावे असा प्रसार जागतिक बँकेने १९८०च्या दशकात केला. गंध मात्र नेमका त्या मुळातच असतो. तेलासाठी ठोंब उपटला की मातीचा आधार सुटतो. या तेलाचा सर्वांत मोठा उत्पादक हैती. तेथील उतारांवरचा गरीब शेतकरी रोकड हवी म्हणून वर्ष भरण्याआधीच मुळे खणतो. कोवळ्या मुळात तेल कमी आणि हलके, म्हणून भाव कमी. भाव कमी, म्हणून पुढच्या वेळी खणण्याची आणखी घाई. उभे पीक सावकाराला लिहून देणाऱ्याचा हिशोब याहून वेगळा नसतो. मुद्दल मातीत असते आणि तीच पावसाबरोबर वाहून जाते. पक्व मुळांना जादा भाव देणाऱ्या सहकारी संस्था आता तेथे उभ्या राहिल्या आहेत. खणल्यावर त्याच जागी पुन्हा ठोंबे लावली, तर जमीनही उघडी राहत नाही.

आपल्याकडे लखनौच्या ‘सीमॅप’ या संस्थेने लागवडीसाठी सुधारित वाण काढले आहेत. त्यांपैकी ‘गुलाबी’त गुलाबाची आणि ‘केशरी’त केशराची छटा आढळते. भरतपूरकडच्या रानटी वाळ्याला मात्र जाणकार अजूनही वेगळे मानतात. दोन्हींचा एकेक थेंब दोन मनगटांवर घ्यावा, दुकानातून बाहेर पडावे आणि निवड संध्याकाळी करावी.