दात्याच्या पश्चात
दाता गेल्यावर देणगी कशी टिकते, असे विद्यार्थी विचारतात. मी टाटांचे उदाहरण देतो. सर दोराबजींनी १९३२ साली आपली जवळजवळ सारी मालमत्ता, पत्नीच्या ज्युबिली हिऱ्यासह, न्यासाच्या स्वाधीन केली. हिरा पुढे विकला गेला. समभाग मात्र राखले. आज टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भागभांडवल टाटा न्यासांकडे आहे. अनुदाने द्यायची ती मुख्यतः त्याच्या लाभांशातून. मुद्दलाला हात नाही. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय (१९४१) या न्यासानेच उभारले.

आम्ही सीमाभागातले लोक अर्ज करतो तो मांडव, मानधन, छपाई यांसाठी. कायम निधी मागण्याचे धाडस माझ्याही अर्जात नव्हते. संमेलन थाटात झाले. वाचनालयाला ग्रंथपाल अजून नाही.