वजनकाट्याआधी टेप: पोटाचा घेर घरी कसा मोजायचा, वहीत काय लिहायचं?

अणशी (ता. जोयडा): अणशीच्या माणसाला मोठ्या डॉक्टरला दाखवायचं म्हणजे दिवस मोडतो. एकीकडे जोयड्याचं तालुका रुग्णालय, दुसरीकडे घाट उतरून कारवार. पावसाळ्यात घाटात दरड आली की कारवारचा रस्ताही बंद. वर्षातून एक-दोनदा होणाऱ्या या भेटीत डॉक्टरला दिसतो तो त्या दिवसाचा एकच आकडा. मधले महिने कसे गेले, हे फक्त घरची वही सांगू शकते. वजन कमी करायला निघालेल्यांनी ही वही कशी ठेवायची, त्याची ही माहिती.

काटा काय लपवतो?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं गणित, अगदी सारखा: २२.३. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण युडकिन यांचं ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचं २१.२ टक्के निघालं. काट्यावर 'नॉर्मल' दिसणारा भारतीय माणूस आतून तसा असेलच असं नाही, हे त्या फोटोने जगाला दाखवलं.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासातही तेच दिसलं. बीएमआयच्या हिशेबाने लठ्ठ २८.६ टक्के, पण पोट सुटलेले ३९.५ टक्के. म्हणजे बरेच जण काट्यावर पास होतात आणि टेपवर नापास. याच अभ्यासात मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, आपल्या शेजारच्या गोव्यात आढळलं.

म्हणून ३० वर्षांवरील लोकांचा जो फॉर्म आशा कार्यकर्ती घरी येऊन भरते, त्यात तंबाखू, दारू, व्यायाम आणि आई-वडिलांचे आजार यांच्यासोबत पोटाचा घेरही असतो. पुरुषांना ९० सेंटिमीटर (साधारण साडेपस्तीस इंच) आणि महिलांना ८० सेंटिमीटर (साडेएकतीस इंच) ही मर्यादा. त्यापुढे गुण वाढत जातात. एकूण गुण चारच्या वर गेले की बीपी-शुगरच्या तपासणीला प्राधान्य मिळतं. आशाताई आल्या की घेर नुसता विचारून लिहू देऊ नका, मोजायला सांगा.

घेर कसा मोजायचा?

शिंप्याकडची कापडी टेप पुरते. बरगडीचं शेवटचं हाड आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ बोटांनी शोधा. दोन्हींच्या मधोमध टेप सरळ गुंडाळा. श्वास नेहमीसारखा सोडा, पोट आत ओढू नका, टेप आवळू नका. कपड्यावरून मोजू नका.

पँटचा नंबर हा पोटाचा घेर नव्हे. पोट सुटलं की पुरुष पँट पोटाखाली बांधतात, त्यामुळे नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. महिलांनीही परकराच्या नाडीच्या खुणेवर विसंबू नये. पंधरा दिवसांतून एकदा मोजलं तरी चालतं.

वजन कधी करायचं?

सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी. काटा सारवलेल्या किंवा उंचसखल जमिनीवर ठेवला तर चुकतो. सपाट फरशी हवी, आणि दर वेळी तीच जागा.

एका दिवसात एक-दीड किलो इकडे-तिकडे होणं साहजिक आहे. खारवलेली मासळी, लोणचं, चतुर्थीतले गोडधोड यांनंतर अंगात पाणी धरलं जातं आणि काटा वर जातो. उलट नवीन पथ्याच्या पहिल्या आठवड्यात झरझर उतरतं, त्यातही बराच भाग पाण्याचाच. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर हुरळू नये, खचूही नये. आठवड्यातून दोन-तीनदा वजन करा, सरासरी काढा आणि या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याशी ताडून बघा. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी उत्तम. ८० किलोच्या माणसाने चार किलो कमी केले, तरी बीपी-शुगरला फायदा होतो.

काही वेळा वजन अडून बसतं, पण घेर दोन सेंटिमीटर कमी झालेला असतो. अशा वेळी टेप नसेल तर माणूस निराश होऊन सगळंच सोडून देतो.

बीपी आणि शुगर

घरी बीपी मशीन असेल तर दंडाला पट्टा बांधायचं घ्या. मनगटाच्या मशीनमध्ये हाताची उंची जरा चुकली तरी आकडा बदलतो. चहा, तंबाखू किंवा श्रमानंतर अर्धा तास थांबा. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. हात छातीच्या उंचीवर टेबलावर ठेवा, बोलू नका. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. घरचे आकडे वारंवार १३५/८५ च्या वर येत असतील तर डॉक्टरकडे जा.

शुगरचं मशीन प्रत्येकाला लागत नाही. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त आली तरी घरच्या मशीनवरून मधुमेह ठरवू नये. रक्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावं.

इथे थांबू नका

मधुमेहाच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असताना वजन उतरू लागलं, तर तोच डोस जास्त होऊ शकतो. घाम, थरथर, चक्कर आली आणि शुगर ७० च्या खाली दिसली तर लगेच साखर-पाणी घ्या आणि डॉक्टरला कळवा. गोळ्या मनाने बंद करू नका. आणि काहीच प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर खूश होऊ नका. त्यामागे क्षयरोग किंवा मधुमेह असू शकतो.

वही कशी असावी?

मोबाईलचं ॲप चालेल, पण रेंज आणि चार्जिंगच्या भरवशावर राहण्यापेक्षा शाळेची शंभर पानी वही बरी. एका ओळीत तारीख, वजन, घेर, बीपी आणि शेवटी दोन शब्द: 'लग्नाचं जेवण', 'पाऊस, चालणं बंद', 'ताप'. आकडा का हलला, हे नंतर याच दोन शब्दांवरून कळतं.

जोयड्याला किंवा कारवारला निघताना गोळ्यांच्या पाकिटासोबत ही वहीही पिशवीत टाका. दिवस मोडून गाठलेल्या डॉक्टरसमोर तीन महिन्यांचा हिशेब असेल, तर फेरी फुकट जात नाही.