पडद्यावरचा पेहराव

विद्यार्थी मित्रांनो, ईद जवळ आली की तुमच्या घरी नवे कापड येते. शिंपी माप घेतो, कापड बेततो आणि कुर्ता किंवा शेरवानी शिवून देतो. पण ज्याच्यासाठी कपडे शिवायचे, त्याला शरीरच नसेल तर? अशा गिऱ्हाइकासाठीही आज कपडे तयार होतात. ते कसे, हे या पाठात पाहू.

संगणकाच्या पडद्यावर काही काल्पनिक जगे उभारलेली असतात. त्यांना आभासी जग म्हणतात. 'सेकंड लाइफ' हे असेच एक जग अमेरिकेतील लिंडन लॅब या कंपनीने २००३ साली सुरू केले. तेथे प्रत्येक माणसाच्या वतीने एक बाहुले वावरते. ते चालते, बसते, नाचते. त्याला 'अवतार' म्हणतात. हा शब्द आपल्याच देशातून तेथे गेला आहे. या जगातील कपडे बहुतेक तेथे वावरणारे लोकच बनवतात आणि एकमेकांना विकतात. कोणी किमोनो बनवतो, कोणी साडी, तर कोणी शेरवानी.

हे कापड सुताचे नसते. कारागीर प्रथम अवताराच्या अंगाभोवती लहान लहान त्रिकोणांचे जाळे तयार करतो. त्रिकोण जितके जास्त, तितका पोशाख सुबक दिसतो. पण संगणकावरचा भारही तितकाच वाढतो. म्हणून खांदा, कोपर, गुडघा अशा वळणाऱ्या जागी जाळे दाट ठेवतात आणि पाठीसारख्या जागी विरळ.

शिंपी आधी कापड बेततो आणि मग शिवतो. येथे बहुधा याच्या उलट घडते. पोशाख आधी तयार होतो. मग जणू त्याच्या शिवणी उसवून तुकडे सपाट पसरतात आणि त्यांवर रंग व नक्षी भरतात. शिवणीपाशी नक्षी नीट जुळली नाही, तर फूल मधोमध तुटलेले दिसते.

शेवटी हे जाळे अवताराच्या अदृश्य हाडांना बांधतात. हाड हलले की कापड हलते. प्रत्येक बिंदूला कोणते हाड किती ओढील, हे आकड्यांत ठरवावे लागते. त्यात चूक झाली, तर शेरवानी घातलेला अवतार बसताच त्याचा गुडघा कापडातून बाहेर डोकावतो!

पारंपरिक पोशाखांची खरी अडचण मात्र वेगळीच आहे. नऊवारी साडीचेच उदाहरण घ्या. ती सुमारे ८.२ मीटर लांबीचे एक अखंड वस्त्र असते. तिला शिवण नाही, बटण नाही. नेसणारीचे हातच तिला आकार देतात. म्हणून मराठीत सदरा 'घालतात', पण साडी 'नेसतात'. पडद्यावर मात्र निऱ्या, काष्टा आणि पदर बहुधा आधीच घडवून ठेवलेले असतात. अवतार साडी नेसत नाही. तयार साडी अंगात घालतो.

दुसरी अडचण आरशाची आहे. वेळ वाचावा म्हणून कारागीर पुष्कळदा पोशाखाची एकच बाजू बनवतो आणि संगणकाकडून दुसरी तशीच करून घेतो. कधी सगळे चित्रच उलटे होते. यात काय बिघडले, असे तुम्हांला वाटेल. पण जपानमध्ये किमोनोची डावी बाजू उजव्या बाजूच्या वर घेतात. उजवी बाजू वर घेण्याची रीत फक्त मृत व्यक्तीसाठी आहे. म्हणजे डावे-उजवे बदलले की सणाचा पोशाख अंत्ययात्रेचा होतो! बनवणाऱ्याला ही चूक दिसत नाही. ज्यांचा तो पोशाख आहे, त्यांच्या मात्र ती चटकन डोळ्यांत भरते आणि मनाला लागते.

मग अशी चूक टाळायची कशी? उपाय साधा आहे. ज्यांचा पोशाख, त्यांना विचारावे. अलास्कातील इनुपियाक लोकांच्या लोककथेवर आधारलेला 'नेव्हर अलोन' हा संगणकावरील खेळ २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात बर्फातून चालणारी नूना नावाची मुलगी आहे. तिच्या अंगात फरचा उबदार कोट आहे. हा खेळ तयार करताना त्या समाजातील वडीलधाऱ्यांना आणि कथा सांगणाऱ्यांना सोबत घेतले होते.

आता आपल्या घराजवळचे एक कापड पाहू. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हिमरू आणि मशरू या कापडांसाठी प्रसिद्ध आहे. 'मशरू' या अरबी शब्दाचा अर्थ तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. मशरू म्हणजे ज्याला परवानगी आहे ते. पुरुषांनी अंगाला रेशीम लागू देऊ नये, असा धार्मिक संकेत होता. विणकरांनी त्यातून सुंदर वाट काढली. त्यांनी ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा घेऊन असे कापड विणले, की वर रेशीम चमकावे आणि आत, अंगाला, सूत लागावे.

हे मशरू पडद्यावर कसे आणाल? त्याची चमक आणता येईल, पट्टेही आणता येतील. पण आतली बाजू? संगणकाचे काम वाचावे म्हणून त्रिकोणांची मागची बाजू पुष्कळदा काढलीच जात नाही. तेथे सूतही नसते आणि रेशीमही नसते. ज्या बाजूमुळे मशरूला मशरू हे नाव मिळाले, तीच बाजू पडद्यावर हरवते. राहते ते फक्त एक चमकदार पट्ट्यांचे चित्र.

म्हणून असे वस्त्र बनवणाऱ्याने त्याच्यासोबत चार ओळी लिहाव्यात: हे कापड कोणते, ते कोठे विणतात, त्याच्या आत काय असते. पण त्या लिहायच्या, तर आधी माहीत हव्यात.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर दादीला किंवा नानीला पेटीतले एखादे जुने वस्त्र दाखवायला सांगा. ते हळूच उलटे करा. आतले धागे पाहा, गाठी पाहा, हात फिरवा. ते कोणी विणले, कोणी शिवले आणि कोणत्या प्रसंगी घातले, हे विचारा आणि वहीत लिहून ठेवा. उद्या तुमच्यापैकी कोणी पडद्यावरचा शिंपी झाला, तर ती वही त्याच्या उपयोगी पडेल.

शब्दार्थ
आभासी – खरे भासणारे, पण खरे नसलेले
बेतणे – मापाप्रमाणे कापड कापणे
ताणा – कापडातील उभे धागे
बाणा – कापडातील आडवे धागे

स्वाध्याय
१. पडद्यावरचा शिंपी आणि खरा शिंपी यांच्या कामात कोणता फरक आहे?
२. किमोनोचे डावे-उजवे बदलले तर काय बिघडते?
३. 'मशरूची खरी ओळख आतल्या बाजूला आहे.' हे विधान तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
४. घालणे, नेसणे, बांधणे, ओढणे ही क्रियापदे कोणकोणत्या वस्त्रांसाठी वापरतात, ते लिहा.