बाहुलीचे केस कापताना

आपले केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतात. म्हणून कापताना झालेली चूक भरून निघते. बाहुलीचा टोप मात्र बहुधा नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांचा असतो. तो वाढणार कसा? म्हणून आधी विंचरा आणि हवे त्याहून थोडे कमीच कापा. कात्री आडवी न धरता उभी धरून टोके कातरा, म्हणजे पायरी दिसत नाही.

केस कुरळे करायचे आहेत? ओली बट पेन्सिलीवर गुंडाळून दोऱ्याने बांधा. मोठ्या माणसांकडून तिच्यावर गरम पाणी ओतून घ्या. उकळते मात्र नको. उष्णतेने धाग्यातील रेणूंच्या लांब साखळ्या सैल होऊन वळण घेतात आणि थंड झाल्यावर तशाच राहतात. म्हणून बट पुरती वाळेपर्यंत पेन्सिल काढू नका. इस्त्रीने धागे वितळू शकतात. पहिला प्रयोग मागच्या, न दिसणाऱ्या बटेवर करा!