राणीला हवीत पाचशे काळजे

ऑक्टोबर १८९६. मुंबईत प्लेग शिरून जेमतेम महिना झाला होता. मांडवीतल्या रोग्यांना जडलेला हा आजार गाठीचा प्लेग आहे, असे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबरात सांगितले होते. अशात एका रात्री कोणीतरी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. ते काम आपलेच, अशी कबुली पुढे दामोदर चापेकरांनी दिली. पण तेव्हा हे कोणाला ठाऊक? शहरात मात्र एक बातमी कानोकानी पसरली. राणी चिडली आहे, अपमानाची भरपाई म्हणून तिने मुंबईकरांची पाचशे काळजे मागवली आहेत, आणि ती काढण्यासाठीच सरकार माणसे धरधरून इस्पितळात नेते आहे. प्लेगबिग सगळे निमित्त!

जुन्या प्लेगच्या हकिकती वाचण्याचा मला नाद आहे. त्यात अशा अफवांचा खजिनाच सापडतो. इस्पितळात माणसाला उलटे टांगून, खाली मंद विस्तव लावून त्याची 'मोमियाई' काढतात, ही त्यातली सर्वांत भयंकर. माणसाच्या देहातून निघणारे हे औषधी तेल साहेबाला फार लागते, असा समज होता. प्लेगच्या आधीपासून लोकांच्या मनात घर करून बसलेली ही भीती. इस्पितळाने तिला पत्ता मिळवून दिला, इतकेच.

आज वाचताना हसू येते. पण त्या वेळच्या एखाद्या गिरणी कामगाराच्या खोलीत जाऊन बसा. शेजारच्याला ताप आला, काखेत गाठ आली. शिपाई आले, त्याला घेऊन गेले. घरच्यांनी सोबत जायचे नाही. चार दिवसांनी निरोप येतो, माणूस गेला. दुसरा नेला, तोही गेला. मुळात रोगी नेत तोच शेवटच्या घटकेला, त्यामुळे बहुतेक जण दगावत. प्लेगवर औषध नव्हते. पण चाळीतल्या माणसाला दिसते काय, तर आत गेलेला परत येत नाही. मग आत काय चालते याचे उत्तर त्याने स्वतःच तयार केले, तर त्याला निव्वळ अडाणी म्हणून कसे चालेल?

२९ ऑक्टोबरला सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला चढवला. हेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. रोग्याला सक्तीने हलवण्याचा नियम त्यानंतर सैल करावा लागला. तोवर लोकांनी शहर सोडायला सुरुवात केली होती. हिवाळा सरेपर्यंत आठ लाखांहून अधिक वस्तीच्या मुंबईतून जवळजवळ निम्मी माणसे बाहेर पडली, आणि त्यांच्याबरोबर प्लेगही गावोगावी गेला.

पुण्याची कथा आपल्याला शाळेपासून पाठ असते, म्हणून थोडक्यातच सांगतो. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला, प्लेगचे काम वॉल्टर रँडकडे गेले, आणि मार्चमध्ये गोरे सोजीर घराघरांत घुसू लागले. देवघर म्हणू नका, माजघर म्हणू नका. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी काय केले, ते सर्वांना माहीत आहे. कमी आठवते ते दुसरेच. त्याच मार्चच्या १० तारखेला सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून, यशवंतरावांनी उघडलेल्या दवाखान्यात आणले होते. रोगी हलवण्याचे काम तेच. सोजिरांनी ते केले तेव्हा त्याला धाड म्हणायची वेळ आली.

आता लशीकडे वळू. वाल्देमार हाफकिन हा ओदेसाचा ज्यू शास्त्रज्ञ. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत त्याने तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या 'स्वयंसेवक' कैद्यांवर प्रयोग झाला. (तुरुंगातला कैदी कितपत स्वेच्छेने 'हो' म्हणतो, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणाला पडलेला दिसत नाही.) लस सक्तीने टोचू नये, असे हाफकिनचे मत होते. तरुण आगाखानांनी त्याला प्रयोगशाळेसाठी बंगला दिला आणि अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली. त्यांच्या लोकांची भीती कमी झाली ती पत्रके वाचून नव्हे.

पंजाबात मात्र बातम्या निराळ्याच होत्या. सुई गजभर लांब असते, टोचताच माणूस मरतो, पुरुषत्व जाते, बायका वांझ होतात. खुद्द डेप्युटी कमिशनरसाहेबच लस घेऊन अर्ध्या तासात तडफडून मेले, असेही लोक सांगत.

आणि मग खरेच तसे घडले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतली लस मिळालेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसही दगावले. बाकीच्या ८८ जणांना काही झाले नाही. सरकारी चौकशीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर टाकला आणि हाफकिनला निलंबित केले. त्या दिवशी मलकोवालला मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तोच नीट निर्जंतुक न करता बाटली उघडायला वापरला होता, ही गोष्ट चौकशीच्या कागदांतच होती! पण ते कागद लोकांपुढे यायला चार वर्षे गेली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून जाहीर बाजू घेतली, तेव्हा कुठे हाफकिनवरचा ठपका निघाला. परळच्या संस्थेला त्याचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये.

मला या सगळ्या प्रकरणात तो पडलेला चिमटा फारसा खुपत नाही. माणसाच्या हातून वस्तू पडते. खुपतात ती ती चार वर्षे. ज्या गावातून एकोणीस तिरड्या उठल्या, त्या गावाला कोणी येऊन सांगितले का, की बाबांनो, असे असे झाले? गावकऱ्यांनी त्यानंतर गजभर सुईवर विश्वास ठेवला असेल, तर मी तरी त्यांना नावे ठेवणार नाही.

संशयाचे आयुष्य फार मोठे असते. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांतल्या कितीतरी धाकदपटशाने. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक तर १९७६ मध्ये आपल्याच विधिमंडळाने मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळले. पुढे पंचवीस-तीस वर्षांनी उत्तर प्रदेशात पोलिओचे थेंब घेऊन सेविका दारोदार जाऊ लागल्या, तेव्हा बंद दारांआडून ऐकू येई, 'पोरांना नपुंसक करायचं औषध आहे हे.' थेंबांत तसे काहीही नव्हते. पण त्या दारांवर सरकार त्याआधी कशासाठी आले होते, हे घरातल्या म्हाताऱ्यांना चांगले आठवत होते. आणि शिक्षा कोणाला झाली? आणीबाणीनंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेल्या, पायांनी अधू झालेल्या लेकरांना. त्यांचा त्यात काय संबंध होता? २०११ च्या जानेवारीत देशातला शेवटचा रोगी सापडला, तोवर स्थानिक मौलवी आणि वस्तीतल्याच बायकांना बरोबर घेऊन ही दारे एकेक करून उघडावी लागली.

एक फरक मात्र केला पाहिजे. १८९६ च्या कामगाराने काळजांची गोष्ट भीतीपोटी सांगितली. तीत त्याचा दमडीचा फायदा नव्हता. २०२१ मध्ये लशीत चिप आहे, लस घेतली की अंगाला नाणी चिकटतात, असे सांगणाऱ्यांत घाबरलेले होते, तसे काढे-चूर्णे विकणारेही होते. घाबरलेल्याशी बोलत बसावे. चूर्ण विकणाऱ्याला मात्र तोंडावर खोटारडा म्हणावे, असे माझे मत आहे.

त्याच वर्षी माझी ऐंशीच्या घरातली मावशी लस घ्यायला तयार नव्हती. मी तिला आकडे सांगितले, कात्रणे वाचून दाखवली. उपयोग शून्य. शेवटी पालिकेच्या केंद्रावर नेले, तर तिथल्या डॉक्टरीणबाईंना ती थेट म्हणाली, "तू घेतलीस का गं?" बाई हसल्या नाहीत. मोबाइलमध्ये स्वतःचे प्रमाणपत्र काढून त्यांनी मावशीला दाखवले आणि म्हणाल्या, "दोन दिवस ताप होता, आजी. अंगही फार दुखलं. तुम्हालाही येईल कदाचित." मावशीने बाही वर केली. अर्धा तास प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून ती घरी आली. तिला ताप काही आला नाही, आणि त्यावरून ती अजूनही म्हणते, "मला मेलीनं नुसतं पाणीच टोचलं असणार."