धरणाकाठची मीनखाई घार

अलास्कातल्या चिलकॅट नदीवर शेकडो बाल्ड ईगल जमलेले व्हिडिओ आपण मोबाइलवर बघतो. समुद्रातून नदीत चढलेला सॅल्मन मासा अंडी घालून झाली की मरतो, आणि ईगलला आयतं जेवण मिळतं. आपल्या हिंगोलीत सॅल्मन नाही, बाल्ड ईगलही नाही. पण मासे धरणारा शिकारी पक्षी बघायचा हंगाम इथेही असतो. तो ठरतो थंडीवर आणि धरणाच्या पाण्यावर.

हा पक्षी म्हणजे ऑस्प्रे, मराठीत मीनखाई घार. ऑक्टोबरच्या सुमारास ती उत्तरेकडून येते आणि मार्चपर्यंत राहते. जायकवाडीसारख्या मोठ्या जलाशयांवर ती दिसते. जिल्ह्यात शोधायची तर कयाधूचं पात्र सोडा, तिला मोठं उघडं पाणी लागतं. पूर्णेवरचं सिद्धेश्वर किंवा पैनगंगेवरचं इसापूर धरण गाठा.

आता ओळखायची कशी? आपण तर सगळ्यांनाच घार म्हणतो. नेहमीच्या घारीची शेपटी टोकाला दुभंगलेली असते. ब्राह्मणी घार तांबूस, तिचं डोकं पांढरं. तिचा फोटो 'बाल्ड ईगल दिसला' म्हणून फिरतो, आणि मेलेले मासे उचलण्याची सवय म्हणाल तर खरंच ईगलसारखी! मीनखाईचं पोट पांढरं, डोळ्यावरून काळपट पट्टा, लांब पंख मधे वाकलेले.

ती मेलेल्या माशाच्या वाटेला सहसा जात नाही. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबते आणि पाय पुढे करून थेट सूर मारते. कधी कधी सगळीच पाण्यात जाते. तिचं बाहेरचं बोट मागे वळतं, म्हणजे पकडीला दोन बोटं पुढे, दोन मागे. तळव्याला बारीक काटे असल्यामुळे बुळबुळीत मासा निसटत नाही. उडताना माशाचं तोंड ती पुढे करून धरते, वारा कमी अडतो. हे दुर्बिणीतून बघाच.

कालव्यांना पाणी सुटलं की धरणाचं पाणी उतरतं, काठ मागे सरकतो आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. पक्षी बघायला जागा चांगली, पण फवारणीही पाण्याला अगदी लागून होते. पंप तिथेच धुतला जातो, डबे तिथेच पडतात. अमेरिकेत डीडीटी असंच पाण्यातून माशात आणि माशातून या पक्ष्यांत गेलं. अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवतानाच फुटू लागली. बाल्ड ईगल आणि ऑस्प्रे दोघेही झपाट्याने कमी झाले. १९७२ साली तिथे डीडीटीवर बंदी आली, त्यानंतर हळूहळू सावरले. ऑस्प्रे जवळजवळ फक्त मासाच खाते, त्यामुळे पाण्यात काय मिसळलंय ते तिच्या अंगात लवकर साठतं. आणि त्याच धरणातले रोहू-कटला आपल्याही बाजारात येतात, हे गाळपेर करणाऱ्या आपल्या भावांशी बोलताना सांगायला हरकत नाही.

सकाळी लवकर जा, पाण्यातल्या वाळलेल्या झाडांचे शेंडे आधी तपासा. मासा खायला ती तिथेच बसते. फोटोसाठी जवळ जाऊ नका; दचकली की मासा टाकून उडते, आणि तो उचलायला दुसऱ्या घारी टपलेल्याच असतात.